ऐरोलीत नोकरी लागली, राहायचं कुठे?

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

नाशिकला गंगापूर रोडला स्वतःचं घर आहे. ऐरोलीतल्या एका कंपनीत नोकरी मिळाली असून पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. आठवड्यात तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तिचं मुलुंडच्या एका हॉस्पिटलशी आणि ठाण्यात पाचपाखाडीच्या एका क्लिनिकशी बोलणं चाललंय. मुलगी साडेचार वर्षांची. आई आमच्याबरोबर येणार, तिचे गुडघे दुखतात. भाड्याला ३५ हजार धरलेत, ताणून ३८.

आता मतं ऐका. होणारे सहकारी म्हणतात घोडबंदर घे, त्याच पैशात स्विमिंग पूल. डोंबिवलीचा मावसभाऊ म्हणतो, वीसच्या आत दोन बेडरूम मिळवून देतो, उरलेले साठव. एचआरच्या बाई म्हणाल्या ऐरोलीतच राहा. आणि सासऱ्यांचं म्हणणं, घर हलवताच कशाला, पंचवटी एक्सप्रेसने जा-ये करा!

मुंबईच्या बाजूला मी पाहुणा म्हणूनच आलोय. लोकलचा धाक आहे हे कबूल. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

खाडीपल्याड
ऐरोली. धागा बंद करा.

तलावपाळीवाला
इतकी काय घाई, खाडीपल्याड? माणूस कुटुंबासकट येतोय, नुसता लॅपटॉप घेऊन नाही.

गोदाकाठचे, माझं मत ठाणे शहर. म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी, चरई हा भाग. सगळं पायाखाली. गडकरी रंगायतन आहे, मासुंदा तलाव आहे, आईला देवळं आहेत, डॉक्टर चार पावलांवर. मराठी बोलायला शेजारी शोधावा लागत नाही. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली, उगाच नाही.

ठाण्याहून ऐरोली ट्रान्सहार्बर लोकलने दहाएक मिनिटं. मध्ये फक्त दिघा गाव, तेही २०२४ पासून.

घोडबंदरग्रस्त
@तलावपाळीवाला, ३५ हजारांत नौपाड्यात दोन बेडरूम आणि लिफ्टसुद्धा? मिळाली तर मलाही कळवा, सामान बांधूनच बसलोय.

तलावपाळीवाला
लिफ्टचं राहिलंच. आईंचे गुडघे वाचलेच नव्हते. तरी शोधलं तर मिळतं, जुन्या इमारतीत पहिला मजला वगैरे.

रेवा_रबाळे
मी रबाळ्याला काम करते, राहायला ऐरोलीत. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी नकाशा समजून घ्या. ठाणे-बेलापूर रस्ता मधोमध. त्याच्या पूर्वेला एमआयडीसी आणि आयटी पार्क, पश्चिमेला खाडीपर्यंत वस्ती, सेक्टर. तुमची कंपनी बहुधा पूर्वेला असणार. पश्चिमेच्या सेक्टरातून रिक्षाने ऑफिस गाठता येतं, बरेच जण चालतही जातात. दुपारी मुलीच्या शाळेतून फोन आला तर पंधरा-वीस मिनिटांत हजर होता येतं. तुमच्या मुलीचं वय बघता हे फोन भरपूर येणार, ताप, पोटदुखी, पडली, चावला, कुणाला तरी चावली.

घरं दोन तऱ्हेची. सिडकोच्या काळच्या तीन-चार मजली इमारती, भाडं कमी, लिफ्ट नाही. आणि नवे टॉवर, लिफ्ट आहे, भाडं चढं. आई असतील तर जुन्या इमारतीत तळमजला बघा, पण पावसाळ्यात ओल धरते का ते आधी भिंतीला हात लावून तपासा. ताजा रंग दिसला की जास्त संशय घ्या.

पाण्याची चिंता इथे बरीच कमी. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. ठाण्यातले नातेवाईक उन्हाळ्यात टँकरचे हिशेब करतात तेव्हा आम्ही गप्प बसतो, उगाच दृष्ट लागायची.

आता वाईट बाजू. हिवाळ्यात काही रात्री कारखान्यांकडून रसायनांचा वास येतो. रोज नाही, पण येतो. घरात दमा असलेलं कुणी असेल तर एमआयडीसीपासून जेवढं खाडीकडे सरकाल तेवढं बरं. मग डास असतात, ते वेगळं. हो, आणि त्याच खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. मुलीला बोटीतून दाखवा, खूश होईल.

संध्याकाळी आठनंतर ऐरोली शांत. नाटक बघायचं तर वाशीचं भावे नाट्यगृह किंवा ठाणं. काहींना हे कंटाळवाणं वाटतं, मला आवडतं.

खाडीपल्याड
मी एका शब्दात हेच म्हटलं होतं.

चौथी_सीट
डोंबिवलीकरांची बाजू कुणी मांडणार नाही हे माहीत होतंच.

तुमचा मावसभाऊ भाड्याबद्दल थापा मारत नाहीये. शाळा चांगल्या, भाजी स्वस्त, फडके रोडची दिवाळी पहाट, गणेश मंदिर. आई रमतील. पण ऐरोलीला जायचं तर ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते. सकाळी साडेआठला ठाण्याच्या मधल्या प्लॅटफॉर्मवर उतरायचं आणि पुलावरून ९-१० नंबरला जायचं. अंतर किरकोळ, पण त्या पुलावर तुम्ही चालत नाही, गर्दी तुम्हाला नेते. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला असता तर आम्हाला ठाण्याला यावंच लागलं नसतं. दिघा गाव स्थानक त्याच योजनेतलं. स्थानक सुरू झालं, मार्ग अडकलाय.

डोंबिवलीत चढायचं कसं तेही शिकावं लागेल. काही जण आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात, त्याला आम्ही रिटर्न मारणं म्हणतो. बसायला तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तरी निम्मा माणूस हवेत असतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारातले लोक खाली पडून जीव गेले, ती बातमी तुम्ही वाचली असेल. मी त्याच वेळेच्या गाडीने जातो. त्यानंतर आमच्या ग्रुपमधले दोघं दारात उभं राहायचं सोडून उशिराच्या गाडीने येऊ लागले. ऑफिसात लाल शेरा पडतो, पडू दे म्हणतात.

तीन दिवसांचं ऑफिस असेल तर जमेल. पाच दिवसांचं असतं तर मी तुम्हाला डोंबिवली सुचवली नसती, आणि मी जन्माने डोंबिवलीकर आहे.

घोडबंदरग्रस्त
आता माझी पाळी. घोडबंदर रोडची जाहिरात असते 'स्टेशनपासून १५ मिनिटं'. खरं आहे. पहाटे साडेचारला, रविवारी, ट्रक नसताना.

उरलेल्या वेळी काय? गुजरातकडची अवजड वाहनं, मेट्रोची कामं, कापूरबावडीचा गोंधळ, पलीकडे गायमुखचा घाट. त्यात पावसाळा. बिल्डिंग छान, पूल निळाशार, क्लबहाउसात टेबल टेनिस. आणि तिथे तुम्ही असता कधी? रविवारी, झोपलेले.

मेट्रो ४ ची सप्टेंबर २०२५ मध्ये चाचणी झाली तेव्हा सोसायटीत पेढे वाटले. वडाळा ते कासारवडवली पूर्ण धावेल तेव्हा मी स्वतः धागाकर्त्यांना घर शोधून देईन. पण भाडं आजपासून भरायचंय ना?

येऊरची_सावली
हे फार एकतर्फी झालं. मी त्याच रस्त्यावर राहते आणि मजेत आहे.

घोडबंदर म्हणजे एकच जागा नव्हे. मानपाड्याच्या अलीकडे राहणाऱ्याचा दिवस आणि ओवळ्याच्या पलीकडे राहणाऱ्याचा दिवस यांत फार फरक. शिवाय मुलांना मोकळी जागा, सायकल चालवायला आतले रस्ते, मागे येऊरचा डोंगर. मुंबईत वाढलेली माझी भाची इथे आली की परत जायला तयार नसते. घरून काम करणाऱ्याला तर उत्तमच.

ऐरोलीला रोज जाणाऱ्याने इथे राहू नये, इतकं मात्र मान्य. आधी ठाणे स्टेशन, मग ट्रान्सहार्बर. किंवा गाडीने माजिवडा, कळवा, विटावा. दोन्ही नको.

घोडबंदरग्रस्त
@येऊरची_सावली, म्हणजे आपण एकाच निष्कर्षाला आलो, फक्त तुम्ही हसत हसत आणि मी रडत रडत.

मनमाडचा_मनोज
सासऱ्यांना हसू नका हो. पंचवटीने रोज मुंबई करणारे नाशिककर खरंच आहेत, पासधारकांचा वेगळा डबाही आहे. मी ते जग जवळून पाहिलंय. वाढदिवस डब्यात, हळदीकुंकू डब्यात, आजारी पडलेल्याचा डबाही दुसऱ्या कुणाच्या घरून येतो.

पण ती गाडी सकाळी सातच्या आसपास नाशिकरोड सोडते. गंगापूर रोडवरून नाशिकरोड गाठायचं म्हणजे घरातून किती वाजता निघाल ते तुम्हीच सांगा. कल्याणला उतरणार, पुढे ठाणे, मग ऐरोली. परत येताना तेच उलट. मुलगी तुम्हाला रविवारी भेटेल, ओळख करून द्यावी लागेल.

एक्सप्रेसवेवाला
समृद्धी महामार्ग कुणी कसं विसरलं? इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, ७६ किलोमीटर. कसारा घाट टळतो. आठवड्यात तीनच दिवस ऑफिस, मग गाडीने या-जा करा. नाशिकचं घर सोडायलाच नको.

चौथी_सीट
आमण्यापर्यंत उडत याल. पुढे भिवंडी, मग ठाण्याची खाडी. समृद्धीवर वाचवलेला वेळ माणकोली-माजिवड्याला व्याजासकट परत करावा लागतो. शिवाय पेट्रोल आणि टोल. हिशेब घातलात तर ऐरोलीचं भाडं स्वस्त वाटेल.

एक्सप्रेसवेवाला
मंगळवार ते गुरुवार ऐरोलीत पीजी, बाकी नाशिक?

सुलभाताई
आणि बायकोचं काय? तिने नाशिकलाच राहायचं का?

मगाचपासून वाचतेय. पंधराएक प्रतिसाद झाले, सगळे गोदाकाठचे यांना ऐरोलीला कसं पोचवायचं यावर डोकं लढवताहेत. त्यांना तीनच दिवस जायचंय. हॉस्पिटलातल्या फिजिओला सहा दिवस जावं लागतं, घरून पेशंटचा गुडघा वाकवता येत नाही. पाळी बदलते, संध्याकाळी उशीर होतो. घराचं अंतर मोजायचं तर आधी तिच्या कामापासून मोजा.

मुलुंडचं हॉस्पिटल ठरलं तर एक उत्तर, पाचपाखाडीचं क्लिनिक ठरलं तर दुसरं. ते ठरायच्या आधी घराचे फोटो बघत बसू नका.

रेवा_रबाळे
सुलभाताई, +१०००. हे मीच लिहायला हवं होतं.

मुलुंड ठरलं तर ऐरोलीचं पारडं जड. ऐरोली-मुलुंड पूल आहे, मुलुंड स्टेशनला बस जातात. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोलही नाही. सकाळी पुलाच्या तोंडाशी गाड्या तुंबतात, पण गाडी बदलायची नाही, पूल चढायचा नाही.

गोदाकाठचा
बाप रे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

सुलभाताई, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, या बाईंना जेवायला बोलव. मुलुंडची मुलाखत शनिवारी आहे. पाचपाखाडीवाले पगार कमी देतात पण वेळ ठरलेली, रविवार हमखास सुट्टी. बघू.

पंचवटी बाद. पीजीही बाद (घरून व्हेटो).

सुलभाताई
येईन. तिखट कमी.

मिसळसम्राट
अवांतर: नाशिकहून येताय म्हणून आत्ताच सावध करतो. ठाण्याला मामलेदारची मिसळ खाल तेव्हा पापड आणि जिलबी कुठेय असं विचारू नका.

मनमाडचा_मनोज
मिसळीत डोळ्यांतून पाणी काढायचं असेल तर ठाणं, पोट भरायचं असेल तर नाशिक.

तलावपाळीवाला
याच्यावर वेगळा धागा काढा, मी तिथे भांडायला येतो. इथे माणसाचं घर शोधू द्या.

उलव्याचा_उमेश
भाडं भरण्यापेक्षा घ्याच ना. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. अटल सेतू आहे, जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली. उलवे, पनवेलला आत्ता घ्याल ते पाच वर्षांनी...

घोडबंदरग्रस्त
पाच वर्षांनी काय होतं ते मला विचारा. माझ्या हॉलमध्ये मेट्रोचं माहितीपत्रक फ्रेम करून लावलंय.

काळेकाका
उमेशराव, विमानतळ त्यांना ऐरोलीच्या ऑफिसात घेऊन जाणार नाही. आणि नवीन गावात पहिल्याच वर्षी घर विकत घेऊ नये, आपली गल्ली कोणती ते कळायलाच वर्ष जातं. भाड्यानेच राहा.

भाड्याचं मी लिहितो. चार भाडेकरू बसवलेत आणि स्वतः दोनदा भाडेकरू होतो, म्हणून दोन्हीकडून माहीत आहे.

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार नोंदवून घ्याच. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी नको, नोटरी पुरे' असं एजंट म्हणेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. मालकाने टाळलं तर त्याला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंद नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, मालकाने ते खोडून दाखवायचं. हे मालकाला गोड शब्दांत सांगितलं की तो स्वतःच नोंदणीला तयार होतो.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. अकरा महिन्यांचं भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ते लागतं. समजा भाडं ३० हजार, अनामत १ लाख. भाड्याचे ३,३०,००० आणि व्याजाचे सुमारे ९,१६७. शुल्क साडेआठशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंटाचे कागदपत्रांचे पैसे, तिथे घासाघीस चालते. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा, घरी येऊनही करतात.

दलाली साधारण एक महिन्याचं भाडं मागतात. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांची आहे ते नीट वाचा, तुमच्या बायकोची नोकरी अजून ठरायची आहे. पोलिसांना कळवण्याचं काम मालकाकडून करून घ्या आणि पावती मागा. सोसायटी तुमच्याकडे 'नॉन-ऑक्युपन्सी'चे (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारे) पैसे मागू लागली तर ते मालकाचे आहेत, आणि सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत.

अनामत परत मिळताना भांडण होतं ते भिंतीतल्या खिळ्यांवरून. राहायला जाल त्या दिवशी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा.

खाडीपल्याड
वाखूसा (वाचनखूण साठवली). काकांचा प्रतिसाद वर चिकटवा रे कुणीतरी.

गोठिवलीकर
दिघ्यात, कळव्यात किंवा आमच्या गावठाणांत तुम्हाला निम्म्या भाड्यात घर दाखवतील. राहायला हरकत नाही, आम्ही पिढ्यान् पिढ्या राहतोय. पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते विचारा. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर न्यायालयाच्या आदेशाने कारवाई झाली तेव्हा भाडेकरूसुद्धा रस्त्यावर आले.

आणि तुम्ही सगळे सेक्टर-सेक्टर म्हणताय म्हणून सांगतो, सेक्टर आकाशातून पडले नाहीत. ९५ गावांच्या जमिनी गेल्या त्यावर हे शहर उभं आहे. १९८४ चं जासईचं आंदोलन, त्याचे नेते दि. बा. पाटील, त्यातूनच पुढे साडेबारा टक्के जमीन परत मिळाली. त्या भूखंडांवरच्या इमारतीही चांगल्या असतात, मालक शेजारीच राहतो, नळ गळला तर संध्याकाळी हजर. फक्त शिमग्याला आणि गावच्या जत्रेला स्पीकर लागेल, त्याची तक्रार करायची नाही.

रेवा_रबाळे
आमचे मालक असेच. गौरीला जेवायला बोलावतात, पावसाळ्यात निवट्या (खाडीतले मासे) पाठवतात. मी शाकाहारी आहे हे त्यांना दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

गोठिवलीकर
विसरत नाहीत हो ते. आशा सोडत नाहीत.

कोपरीची_कीर्ती
उशिरा आले. ठाणे पूर्व कुणी म्हणालंच नाही?

ठाणं म्हटलं की सगळ्यांना पश्चिमच दिसते. पूर्वेला कोपरी. ट्रान्सहार्बरचा १० नंबर याच बाजूला. चौथी_सीट यांनी लिहिलेला तो पूल आम्हाला चढावाच लागत नाही. पूर्वेकडून आत शिरलं की समोर गाडी, तीही ठाण्याहूनच सुटणारी. मी घणसोलीला जाते, बहुतेक वेळा बसून.

मुलुंड एक स्टेशन. पाचपाखाडी स्टेशनच्या पलीकडे. म्हणजे सौ.ची नोकरी कुठलीही ठरली तरी घर हलवावं लागणार नाही. भाडं नौपाड्यापेक्षा कमी. बाजार, दवाखाने, शाळा सगळं आहे.

तलावपाळीवाला
पूर्व विसरलो, मान्य. आम्ही पश्चिमवाले तसेच.

पण कीर्ती, कोपरीत जुन्या इमारती खूप. लिफ्ट? पार्किंग?

कोपरीची_कीर्ती
पार्किंगचं नाव काढू नका. गाडी आणणार असाल तर आधी गाडीला घर शोधा, मग तुम्हाला. लिफ्टच्या इमारती आहेत, पण शोधाव्या लागतात.

अजून एक. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का ते सोसायटीच्या सेक्रेटरीला थेट विचारा. एजंट सांगत नाही. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या भाडेकरूंना करार संपायच्या आत घर बघायला लागलं, तेही ऐन परीक्षेच्या दिवसांत.

काळेकाका
मालकाने मुदतीआधी घर रिकामं करायला सांगितलं तर किती महिन्यांची सूचना, दलाली आणि सामान हलवायचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घेता येतं. बहुतेक जण लिहीत नाहीत.

चौथी_सीट
कीर्तीताईंनी १० नंबरचं गुपित चव्हाट्यावर आणलं. उद्यापासून कोपरीचं भाडं वाढणार.

येऊरची_सावली
मुलुंड पूर्वही बघता येईल, हॉस्पिटल त्या बाजूला असेल तर.

घोडबंदरग्रस्त
पत्त्यात मुंबई आली की भाड्यातही मुंबई येते. ३५ मध्ये दोन बेडरूम, लिफ्टसह? अवघड आहे.

गोदाकाठचा
मंडळी, रविवारी येऊन गेलो. मुलुंडचं काम पक्कं झालं. सहा दिवस, दोन पाळ्या, आठवड्याआड बदलणार. म्हणजे सुलभाताईंचं गणित तंतोतंत.

दोन घरं आवडली. एक ऐरोलीत, टॉवरमध्ये, सातवा मजला, ३७ हजार. खिडकीतून खाडी दिसते, आई तिथेच बसून राहिली. दुसरं कोपरीत, सात मजली इमारत, लिफ्ट आहे, तिसरा मजला, ३१ हजार, खोल्या लहान. सेक्रेटरींना पुनर्विकासाचं विचारलं तर म्हणाले, 'चर्चा तर वीस वर्षं चालूच आहे.' यावर हसावं की घाबरावं?

बायकोचा कल कोपरीकडे, रात्रीच्या पाळीनंतर एक स्टेशन येणं सोपं म्हणून. माझा ऐरोलीकडे, कारण मुलीच्या शाळेतून फोन आला की जाणार मीच. आई म्हणते मला कुठेही चालेल, आणि मग खाडीबद्दल बोलते.

सुलभाताई
सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय का विचारा. ठराव झाला, सल्लागार नेमला, तर घाबरा. नुसती चर्चा असेल तर तुमचे अकरा महिने आरामात जातील.

रात्रीची पाळी किती वाजता सुटते? दहाच्या आत असेल तर मुलुंडहून ऐरोलीच्या बसचं वेळापत्रक आधी बघा. त्याच्यापुढे असेल तर कोपरी. रात्री पुलावरून रिक्षा मिळेल या भरवशावर बाईने नोकरी करू नये. मी केली आहे, म्हणून सांगते.

रेवा_रबाळे
माझं मत बदलतेय, ऐरोलीकर असून. कोपरी घ्या. तुमच्या तीन दिवसांसाठी दहा मिनिटांची गाडी काही जड नाही. फक्त मुलीची शाळा कोपरीतच बघा, ऐरोलीतली नको. शाळेतून फोन आला की दोन दिवस तुम्ही घरीच, उरलेल्या तीन दिवसांत आई पाच मिनिटांत पोचतील, तोवर तुम्ही गाडीत.

मनमाडचा_मनोज
आणि आईंना दर रविवारी ऐरोलीला खाडी दाखवायला न्या.

चौथी_सीट
रविवारी मेगाब्लॉक बघून न्या.

गोदाकाठचा
पाळी साडेनऊला सुटते, पण पेशंट असेल तर पुढे कितीही. म्हणजे कोपरीच. घरमालकांना उद्या फोन करतो. काळेकाका, सूचनेची मुदत आणि सामानाचा खर्च मराठीत कसा लिहायचा ते इथे टाकता का? एजंटने पाठवलेला मसुदा वाचला, त्यात ती ओळच नाहीये. आणि 'भाडेकरूने खिळे ठोकू नयेत' हे मात्र तीन ठिकाणी आहे.

काळेकाका
टाकतो. जेवून येतो, तोवर लॉक-इनचा कलम नंबर बघून ठेवा, तो आणि हा एकमेकांना छेद देता कामा नयेत.